वेंगुर्ल्याकडच्या एका वाडीतली आफ्रिकन गोगलगाय : एक प्रकरण अभ्यास

वेंगुर्ला तालुक्यातली ही किनारी वाडी. नाव मुद्दाम देत नाही. दिलं तर पुढे ज्या रोपवाटिकेचा उल्लेख येतो ती कुणाची हे तालुक्यात कुणालाही कळेल, आणि जे घडलं त्याचं खापर एकट्या त्या माणसावर फोडण्यासारखं नाही. चाळीसेक घरं. पश्चिमेला सुरूचं बन आणि समुद्र, पूर्वेला भाताचे कुणगे, त्यापलीकडे चढ आणि चढावर जांभ्याचा सडा, म्हणजे उघडं पठार. प्रत्येक घराला पुढे खळं, मागे परस, परसात माड, थोड्या पोफळी, केळी, अळू, आणि पावसाळ्यात मांडवावर शिराळी, पडवळ, तवशी. परसाभोवती कोरड्या चिऱ्यांचा गडगा, म्हणजे माती-चुन्याशिवाय नुसती रचलेली भिंत. या प्रकरणातलं मुख्य ठिकाण हा गडगा आहे.

तक्रार सुरू झाली ती आषाढात. मांडवावर चढायला आलेले वेल एका रात्रीत शेंड्यापासून कुरतडलेले दिसायला लागले. गणपतीसाठी लावलेल्या झेंडूच्या वाफ्यात नुसत्या काड्या उरल्या. पपईच्या कोवळ्या रोपांची साल निघाली. पहिला संशय उंदरावर गेला. "हुंदरान खाल्ल्यान," असं म्हणून दोन-तीन घरांनी सापळे लावले, एकाने विषारी गोळ्या टाकल्या. उंदीर मेलेही, पण वेल काही वाचले नाहीत. खुणा वेगळ्या होत्या. उंदीर देठ तिरका, एका चाव्यात तोडतो. इथे पानाला मधोमध वेडीवाकडी भोकं होती, देठाजवळ खरवडल्यासारखा भाग होता, सकाळी उन्हाची तिरीप आली की चिऱ्यांवर वाळलेल्या चिकट्याचा पट्टा चमकत होता, आणि बाजूला दोरीची वळकटी पडावी तशी विष्ठा. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन परसात जायचं ठरलं, तेव्हा गडग्याच्या फटींतून बाहेर येणारे लांबट, तपकिरी पट्ट्यांचे शंख दिसले. काही जवळजवळ मुठीएवढे.

वाडीतल्या एका आजींचं पहिलं मत होतं, "गोगलगाय काय, मिरगाक येतलीच." दुसऱ्या दिवशी बादलीतला माल पाहिल्यावर त्यांनीच मत बदललं : "ह्ये आमच्या वेळेक नव्हते." दोन्ही वाक्यं खरी आहेत, आणि अशा प्रत्येक गावात सगळा गोंधळ या दोन वाक्यांच्या मधल्या जागेतच होतो.

कोणती आपली, कोणती परकी

पश्चिम घाट आणि त्याच्या पायथ्याचा किनारपट्टा म्हणजे जमिनीवरच्या गोगलगायींचं मोठं घर. घाटात अडीचशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्यात आणि त्यातल्या बहुसंख्य जगात दुसरीकडे कुठेच सापडत नाहीत. अगदी वाडीतल्या पातेऱ्यातही, म्हणजे गळलेल्या पाल्यातही, तीन-चार देशी जाती सहज मिळतात. एरिओफँटा लेव्हिपेस नावाची एक आहे, तिचा शंख डावीकडे वळलेला असतो. शंखाचं तोंड आपल्याकडे आणि टोक वर धरलं तर भोक डाव्या हाताला येतं. जगातल्या बहुतेक गोगलगायींचं ते उजव्या हाताला येतं. दुसरी क्रिप्टोझोना, चपटी, गोलसर, फिक्या रंगावर पट्टे. तिसरी सायक्लोफोरस. हिला स्वतःचं झाकण असतं; धक्का लागला की आत शिरून दार लावून घेते.

परकी पाहुणी यांच्यापेक्षा वेगळी ओळखता येते. शंख रुंदीपेक्षा बराच उंच, टोकाकडे निमुळता, फिक्या बदामी रंगावर उभ्या नागमोडी तपकिरी रेषा, वळण उजवीकडे. सगळ्यात खात्रीची खूण तोंडाच्या आत आहे : शंखाचा मधला खांब खाली ओठात मिसळून न जाता अचानक कापल्यासारखा संपतो. ही खूण अगदी लहान पिल्लातही दिसते, म्हणून फोटो काढताना शंखाच्या तोंडाचा एक फोटो हवाच. नाव लिसाकॅटिना फुलिका. जुन्या पुस्तकांत अकॅटिना फुलिका. कृषी खात्याच्या पत्रकांत 'शंखी गोगलगाय' म्हणून जी येते ती बहुधा हीच. मूळ पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची. जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या जातींच्या प्रसिद्ध यादीत हिचं नाव आहे.

शेंबड्यांचं, म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायींचं, प्रकरण जास्त अवघड. वाडीत दिसणारी काळपट, चामड्यासारखी, चपटी, पाठीवर मधोमध फिकी रेघ असलेली शेंबडी म्हणजे लेव्हिकॉलिस आल्टे. तीही आफ्रिकेतलीच, पण भारतात इतकी जुनी आणि इतकी सर्वदूर झाली आहे की तिच्याकडे कुणी परकी म्हणून बघतच नाही. तिच्यावर इथे फार लिहीत नाही. तिचा उपद्रव झेंडूच्या वाफ्यापुरता होता.

मात्र सगळ्या शेंबड्या परक्या म्हणून मारत सुटणं चूक आहे, याला पुरावा वाडीपासून फार लांब नाही. आंबोलीत सापडलेल्या एका अर्धशंखी शेंबडीचं वर्णन २०२१ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात आलं. जात तर नवीच, पण तिच्यासाठी प्रजातीही (जीनस) नवी मांडावी लागली : व्हरॅडिया आंबोलिएन्सिस, सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरून. सिंधुदुर्गातच, घाटमाथ्यावरच्या ओल्या दगडांवर, २०२१ पर्यंत विज्ञानाला नाव माहीत नसलेला प्राणी फिरत होता. अशा जिल्ह्यात 'दिसेल त्या गोगलगायीवर मीठ' ही मोहीम म्हणजे न वाचलेल्या कागदांची रद्दी घालण्यासारखं आहे. वाडीत पहिल्या आठवड्यात नेमकं तेच झालं होतं. पहिल्या बादल्यांत डाव्या वळणाच्या एरिओफँटा भरपूर होत्या. त्यांचा वेलांशी फारसा संबंध नव्हता. त्या सडका पातेरा खातात.

आली कशी

ही गोगलगाय एका रात्रीत काही मीटर सरकते, आणि बहुतेक वेळा चरून आपल्याच फटीत परत येते. तिच्या चालीने तिला वेंगुर्ल्याला पोचायला पिढ्या लागल्या असत्या. पण ती चालत कुठेच आलेली नाही. विल्यम बेन्सन नावाच्या शंख-अभ्यासक इंग्रज अधिकाऱ्याने १८४७ मध्ये मॉरिशसहून दोन जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या, आणि त्या चौरंगीतल्या एका बागेत पोचल्या. भारतातल्या प्रसाराची गोष्ट तिथून सांगतात. अमेरिकेत १९६६ मध्ये एका मुलाने हवाईहून तीन गोगलगायी लपवून मायामीला नेल्या. पुढे त्या बागेत सोडल्या गेल्या. त्यांचा नायनाट करताना सुमारे १८,००० गोळा कराव्या लागल्या, दहा लाख डॉलरच्या आसपास खर्च झाला, आणि 'संपल्या' असं जाहीर करायला १९७५ उजाडलं. त्याच फ्लोरिडात त्या २०११ मध्ये पुन्हा सापडल्या, २०२१ मध्ये पुन्हा संपल्याचं जाहीर झालं, आणि २०२२ मध्ये दुसऱ्या काउंटीत परत निघाल्या.

दोन-तीन प्राण्यांतून एवढा पसारा होतो याचं कारण तिच्या प्रजननात आहे. प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. मिलनाला जोडीदार लागतो, पण एकदा मिलन झालं की बीज शरीरात महिनोन्‌महिने साठवून ती पुन्हा पुन्हा अंडी घालू शकते. एका वेळी शंभर ते चारशे अंडी, वर्षातून अनेकदा. अंडी मऊ मातीत काही सेंटीमीटर खाली, फिकट पिवळी, लहान वाटाण्याएवढी. आठवडा-दोन आठवड्यांत, कधी तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात आणि सहा महिन्यांच्या आसपास तीही अंडी घालायला लागतात. म्हणजे एका कुंडीच्या मातीत आलेली एकच मोठी गोगलगाय वाडीला पुरते.

म्हणून वाडीत शोध घेताना आम्ही 'गोगलगायी कुठे दिसतात' एवढंच न विचारता प्रत्येक घराला दोन प्रश्न विचारले. पहिल्यांदा कधी दिसली? आणि त्याच्या आधीच्या वर्षात घरात, परसात बाहेरून काय आणलं होतं? पहिल्या प्रश्नाची उत्तरं ढोबळच आली, तारीख कोण लक्षात ठेवतो. दुसऱ्या प्रश्नाची मात्र चकित करण्याइतकी नेमकी आली, कारण त्याला पैसे पडलेले असतात. लादी कधी बसवली, लॉन कधी घातलं, चिरे कुठून आणले, हे कोकणातला माणूस रुपयांसकट सांगतो.

ही उत्तरं नकाशावर मांडल्यावर समुद्राची बाजू आणि कुणग्यांची बाजू दोन्ही रिकाम्या राहिल्या. सगळ्यात जुन्या नोंदी डांबरी रस्त्याला लागून असलेल्या एका घराभोवती जमल्या. त्या घराने पर्यटकांसाठी तीन खोल्या काढल्या होत्या आणि पुढे बाग केली होती. शोभेची झाडं, कुंड्या, गवताचे गालिचे असा एक टेंपोभर माल जवळच्या रोपवाटिकेतून आला होता. त्या रोपवाटिकेत शोभेची झाडं तयार होत नाहीत. ती परराज्यातून ट्रकने येतात आणि आठवड्याच्या आत विकली जातात. पहिले मोठे शंख त्या घराच्या मागच्या गडग्यात मिळाले.

तिथून पुढचा प्रसार बाजाराने केलेला नाही, शेजारधर्माने केलाय. कर्दळीचा गड्डा दे, अनंताची फांदी दे, केळीचं पिल्लू दे, अळवाचे कंद ने. कोकणात झाड विकत घेणं हा अलीकडचा प्रकार. परसातली निम्मी झाडं मागून आणलेली असतात, मुळाशी मूठभर माती घट्ट धरून. ती माती जिथे गेली तिथे अंडी गेली. रस्त्यापासून चार घरं सोडून आत एक दाट जागा होती आणि मधली घरं स्वच्छ. ते कोडं असं सुटलं की तिथल्या घराची आणि रस्त्याकडच्या त्या घराची सोयरीक होती. तिसरी जागा वाडीबाहेर, ओढ्यापलीकडच्या बागेत. तिथे नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, गेली होती. पावसाळ्याआधी माडाच्या आळ्यात सोडणं पुरायची चांगली रीत आहे, ओल टिकते. पण वर्षभर परसात पडून राहिलेल्या सोडणांच्या ढिगासारखी दुसरी लपायची जागा गोगलगायीला मिळणार नाही.

वाडीतल्या काहींचा राग स्वाभाविकपणे त्या पर्यटनवाल्या घरावर निघाला. मला तो अन्याय वाटतो. त्यांनी परवान्याच्या दुकानातून, बिल घेऊन झाडं आणली होती. १९६९ पासून राज्यात फळझाडांच्या रोपवाटिकांना परवान्याचा कायदा आहे, पण त्याचा रोख कलमाच्या जातीवर आणि दर्जावर आहे, कुंडीच्या तळातल्या भोकावर नाही. परदेशातून येणाऱ्या रोपांसाठी २००३ चा विलगीकरणाचा आदेश आहे. कुडाळहून वेंगुर्ल्याला येणारी कुंडी तपासायला मात्र कुणी नाही.

कुठे टिकली

नकाशात आणखी एक गोष्ट दिसली. वाडीत सगळीकडे पातेरा सारखाच, ओल सारखीच, खायला सारखंच. तरी काही परसांत शंख ढिगाने आणि शेजारच्या परसात तुरळक. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी आणि चुन्याच्या बाबतीत गरीब असते. एवढा मोठा शंख बांधायला तर चुना भरपूर लागतो. ही गोगलगाय तो मिळवण्यासाठी भिंतीचा रंग आणि सिमेंटही खरवडून खाते. रात्री टॉर्च मारला की त्या चुना मारलेल्या भिंतीवर, विहिरीच्या नव्या कठड्यावर, सिमेंटच्या जोत्यावर चिकटलेल्या दिसत होत्या. आणि सर्वांत जास्त दिसत होत्या त्या परसातल्या शिंपल्यांच्या ढिगावर. किनाऱ्यावरच्या घरात तिसऱ्या, खुबे, कालवं वर्षभर खाल्ली जातात आणि शिंपल्या परसाच्या एका कोपऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पडतात. आमच्या समुद्राने आमच्याच दारात पाहुणीच्या घरबांधणीचं सामान ठेवलं होतं.

वर सड्यावर मात्र एकही नाही. तिथे पावसाळ्यात देशी जाती हिंडतात, पण ना सिमेंट आहे ना शिंपल्या. सड्यावर जाणारा रस्ता आता रुंद होतोय आणि बाजूने भूखंडांची सिमेंटची कुंपणं उभी राहताहेत, तेव्हा ही स्थिती कायम राहील असं मी धरून चालत नाही.

काय केलं, काय चाललं

वेचणी. यापेक्षा भरवशाचा उपाय वाडीत दुसरा सापडला नाही. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी गडग्याच्या कडेने टाकायची, खाली पपईची साल किंवा कोबीची पानं, आणि पहाटे गोणपाट उचलून खाली जमलेल्या वेचायच्या. हातात मोजे किंवा प्लास्टिकची पिशवी हवी, वेचून झाल्यावर साबणाने हात धुवायचे, मुलांना शंखांशी खेळू द्यायचं नाही. हे सोवळंओवळं नाही. उंदरांच्या फुप्फुसात राहणाऱ्या एका कृमीच्या अळ्या या गोगलगायीत वाढतात आणि माणसाच्या शरीरात गेल्या तर मेंदूच्या आवरणाला सूज आणतात. जिथे उंदीर आणि गोगलगाय एकाच गडग्यात नांदतात तिथे परसातली कच्ची खायची भाजी नीट धुवायलाच हवी.

वेचलेल्यांचं करायचं काय, यावर वाडीत बराच वाद झाला. काही जण पिशवी भरून ओढ्यापलीकडे रिकामी करत होते, म्हणजे प्रसाराला स्वतःच्या हाताने मदत. एकाने सरळ पुळणीवर नेऊन टाकल्या. सुरूच्या बनात सावली आहे, ओल आहे, तिथून त्या परत येणार नाहीत असं कशावरून? शेवटी मिठाच्या घट्ट पाण्याची बादली आणि नंतर चुना घालून खड्डा, यावर एकमत झालं. मीठ बादलीतच, परसाच्या मातीत मीठ फेकलं तर गोगलगाय जाते, पण पुढच्या वर्षी त्या वाफ्यात मिरचीही येत नाही. खड्डा खोल हवा. पहिला उथळ होता आणि कुत्र्यांनी उकरला. त्या वासाचं वर्णन करत नाही.

औषधाचा विषय निघाला, कारण २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, उस्मानाबाद (आता धाराशिव), बीडकडे सोयाबीनची कोवळी रोपं गोगलगायींनी फस्त केली होती आणि तेव्हा मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांचं नाव वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचलं होतं. पण लातूरचं उघडं शेत वेगळं आणि कोकणातलं परस वेगळं. परसात कोंबड्या, मांजर, कुत्रा, गाय, लहान मूल सगळेच फिरतात, आणि या गोळ्यांच्या आमिषाला कुत्रीही भुलतात. दुसरं म्हणजे पाऊस. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत पडतो. सरीत गोळीचा लगदा होतो. वाडीतल्या दोन घरांनी गोळ्या वापरल्या, उघडीप बघून, पणतीखाली झाकून. उपयोग झाला, पण तेवढ्याच जागेपुरता. लोहाचं फॉस्फेट असलेल्या गोळ्या जनावरांना कमी धोक्याच्या असतात, पण त्या तालुक्याच्या दुकानात मिळाल्या नाहीत.

तांब्याचा गुण मात्र इथल्या बागायतदाराला आपोआप उपयोगी पडला. गोगलगाय तांब्याला टाळते. पोफळीवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना, मारण्याची पद्धत आहेच. त्याचीच घट्ट पेस्ट पपई आणि केळीच्या बुंध्याला हातभर रुंद पट्टा म्हणून लावली, तिथे चढणं बरंच कमी झालं. केरळात तंबाखूचा काढा आणि मोरचूद मिसळून फवारतात. वाडीत तो करून पाहिला नाही, कारण मांडवावरची भाजी गणपतीत ताटात येणार होती.

निसर्गातले शत्रू आहेत, पण पुरेसे नाहीत. भारद्वाज शंख फोडून खातो. एका परसात दगडाजवळ फुटक्या शंखांचा खच होता. काजव्यांच्या अळ्या लहान गोगलगायी खातात. बदकं पिल्लं टिपतात. एका उत्साही तरुणाने इंटरनेटवर वाचून विचारलं, गोगलगाय खाणारी गोगलगाय मागवता येईल का? नाही. तो प्रयोग जगात झालेला आहे. युग्लँडिना रोझिया ही शिकारी गोगलगाय १९५५ मध्ये हवाईत आणि १९७७ मध्ये पॅसिफिकमधल्या मूरिया बेटावर याच कामासाठी सोडली. आफ्रिकन गोगलगायीला तिने फारसं काही केलं नाही. मूरियातल्या पार्टुला नावाच्या देशी गोगलगायी मात्र दहा वर्षांत रानातून संपवल्या.

नजर ठेवायची ती केव्हा

पावसाळ्यात सगळं गाव गोगलगायीबद्दल बोलतं. दिवाळीनंतर विषय संपतो. फोटोंचंही तसंच. लोक प्राणी-वनस्पतींचे फोटो टाकतात त्या आयनॅचरलिस्टसारख्या संकेतस्थळावर कोकणातल्या नोंदी बघितल्या तर त्या पावसाळ्यात आणि रस्त्यांच्या, पर्यटनस्थळांच्या कडेने दाटतात. हा नकाशा गोगलगायीचा जेवढा आहे तेवढाच मोबाइलवाल्या माणसांचाही आहे. त्यात 'इथे शोधली, सापडली नाही' अशी नोंद नसते, आणि प्रसार ओळखायला नेमकी तीच लागते. यंदा रिकामी असलेली जागा पुढच्या वर्षी भरली तर ती नवी आली असं म्हणता येईल. यंदा तिथे कुणी गेलंच नव्हतं, तर काहीच म्हणता येणार नाही.

म्हणून वाडीत नोंदीची वही साधी ठेवली. ठरलेले गडगे, ठरलेले ढीग, ठरलेली वाट, प्रत्येक वेळी तेवढाच वेळ. सापडल्या किती, त्यात नाण्यापेक्षा लहान किती, रिकामे शंख किती, आणि नसतील तर ठसठशीत शून्य. लहान किती हा आकडा महत्त्वाचा, कारण त्यावरून तिथे अंडी फुटताहेत की मोठ्या नुसत्या येऊन पडल्यात हे कळतं. वही एका निवृत्त गुरुजींकडे आहे. शून्य लिहायला पोरं कंटाळतात, गुरुजी कंटाळत नाहीत.

खरा फरक पडला तो वही उन्हाळ्यात चालू ठेवल्यामुळे. माघ संपला की ही गोगलगाय शंखाच्या तोंडावर पांढरट पापुद्रा ओढून घेते आणि पाऊस येईपर्यंत झोपून राहते. पावसात ती चारशे चौरस मीटर परसात पसरलेली असते. चैत्रात तीच गडग्याच्या एका फटीत, सोडणांच्या तळाशी, मोडक्या मांगराच्या कौलांत, एकीला एक चिकटून दाटीने सापडते. हाताला न चिकटणारी, न पळणारी, कोरडी. पातेरा वाळलेला असल्याने शंख लांबून दिसतो. आणि तेव्हा काढलेली प्रत्येक मोठी गोगलगाय मिरगानंतर घातली जाणारी शेकडो अंडी सोबत घेऊन जाते. माझं स्पष्ट मत आहे की कोकणात या गोगलगायीचं काम मार्च ते मे या महिन्यांत करायचं आहे. जुलैमध्ये करतो ती फक्त भाजी वाचवण्याची धडपड.

पहिल्या उन्हाळ्यातला सगळ्यात मोठा साठा परसात मिळालाच नाही. जुनं घर पाडून काढलेले चिरे एका प्लॉटवर रचून ठेवले होते, विक्रीसाठी. एक रांग हलवली तर आतल्या बाजूला पांढऱ्या पापुद्र्यांची ओळ. ते चिरे शिरोड्याकडच्या एका बांधकामाला जायचे होते. मालकाने कुरकुरत का होईना, रचलेली रास उलटून झाडून दिली. जुने चिरे, जुनी कौलं, शेणखताची ट्रॉली, सोडणं : कोकणात उन्हाळ्यात जे काही ट्रॉलीत भरून एका गावातून दुसऱ्या गावात जातं, नेमकी त्याच काळात गोगलगाय त्यात झोपलेली असते. हलवताना ती सांडत नाही, दिसत नाही, मरतही नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याकडच्या घरांत संख्या डोळ्यांना दिसण्याइतकी उतरली, शिंपल्यांच्या ढिगांवर तर बरीच. ते ढीग आता उचलून ठरलेल्या दोनच जागी ठेवलेत आणि गोणपाटं तिथेच पडतात. चुन्याच्या ओढीने त्या स्वतः चालत येतात. ओढ्यापलीकडच्या बागेत मात्र वाढ झाली. तिथला मालक मुंबईला असतो आणि उन्हाळ्यात कुणी सोडणं उलटली नाहीत.

रोपवाटिकेच्या मालकाशी बोलणं दोनदा झालं. पहिल्यांदा त्याला वाटलं आम्ही भांडायला आलोय. दुसऱ्यांदा त्याने स्वतःच मागच्या शेडमध्ये नेलं. कुंड्या जमिनीवर, खाली ओला कोकोपीट, मागे सिमेंटची भिंत. आम्ही सुचवलं ते इतकंच : आलेला माल तीन आठवडे वेगळा ठेवा, म्हणजे मातीत अंडी असली तर पिल्लं तिथेच बाहेर पडतील, कुंड्या जमिनीवर न ठेवता मांडणीवर ठेवा, विकताना तळाची भोकं बघा. मांडणी आणि भोकं त्याने मान्य केली. तीन आठवड्यांवर तो हसला. "तीन आठवडे झाडां थंयच ठेवलंय, तर इकतलंय कधी?" जूनमधले पंधरा-वीस दिवस हाच त्याचा वर्षाचा धंदा. त्याचं म्हणणं खोटं नाही. शेवटी असं ठरलं की फळझाडांची कलमं, जी तो स्वतः भरतो, ती आहेत तशीच विकायची. आणि परराज्यातून येणारी शोभेची झाडं मेच्या पहिल्या आठवड्यात मागवायची, जूनच्या आधी, म्हणजे वेगळं ठेवण्याचे दिवस मंदीच्या काळात जातील. पाणी द्यावं लागेल, थोडी झाडं मरतील, तो खर्च त्याचा. तो हे किती वर्षं पाळेल ते त्याच्या गल्ल्यावर ठरेल.

राहिलेलं काम ग्रामपंचायतीकडे आहे. जुलैच्या पहिल्या आठवड्यात वनमहोत्सवाची रोपं येतात, प्लास्टिकच्या पिशवीत, मातीसकट, आणि एका दिवसात शाळा, देऊळ, सड्याचा रस्ता अशी वाटली जातात. सड्यावर अजून शून्य आहे. यंदाची रोपं आली की ती आधी शाळेच्या फरशीवर उतरवायची, पिशव्या आडव्या करून तळ बघायचा आणि मगच वाटायची, असं गुरुजींनी सरपंचांकडून मान्य करून घेतलंय. बघणार कोण, याची यादी वहीच्या शेवटच्या पानावर आहे. त्यात सातवीचा वर्ग आहे आणि पहिलं मत बदलणाऱ्या त्या आजीही आहेत.